वादळी हवामानातील विमान अवतरण

वादळी हवामानातील विमान अवतरण म्हणजे जोरदार व झोताझोताने वाहणारा वारा, मुसळधार पाऊस, गडगडाटी ढग किंवा अत्यल्प दृश्यमानता अशा प्रतिकूल परिस्थितीत विमान धावपट्टीवर उतरवण्याची क्रिया होय. महाराष्ट्रात अशी परिस्थिती प्रामुख्याने दोन काळांत उद्भवते: एप्रिल-मे महिन्यांतील वळवाच्या पावसात आणि जून ते सप्टेंबर या नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या काळात. वाऱ्यात डोलत, तिरपे होत उतरणारे विमान जमिनीवरून पाहणाऱ्यास वैमानिकाचे धाडस वाटते. प्रत्यक्षात हे अवतरण आधीच ठरवलेल्या मर्यादांच्या चौकटीत होते. यांपैकी एखादी मर्यादा ओलांडली गेली, तर वैमानिकाने अवतरण सोडून विमान पुन्हा वर न्यावे, असा दंडक आहे. पाहणाऱ्यास फसलेला प्रयत्न वाटणारी ही कृती हवाई सुरक्षिततेचे एक मुख्य साधन मानली जाते.

वारा आणि धावपट्टी

विमान शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उतरवले जाते. पंखांना मिळणारी उचल ही विमानाच्या हवेतील सापेक्ष वेगावर अवलंबून असते. समोरून वारा असल्यास तेवढीच उचल जमिनीच्या तुलनेत कमी वेगात मिळते आणि थांबण्यासाठी लागणारे अंतर घटते. पाठीमागून वारा असल्यास याच्या उलट घडते.

धावपट्टीला दिलेला क्रमांक तिची दिशा सांगतो. चुंबकीय उत्तरेपासून मोजलेल्या अंशांना दहाने भागून जवळची पूर्ण संख्या घेतली जाते. मुंबईच्या मुख्य धावपट्टीचा क्रमांक ०९/२७ आहे, म्हणजे ती पूर्व-पश्चिम आहे. कोल्हापूरच्या धावपट्टीचा क्रमांक ०७/२५ आहे, म्हणजे तिची दोन टोके साधारणपणे ७० व २५० अंशांच्या दिशेने आहेत. पावसाळ्यात वारे पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून वाहत असल्याने या दोन्ही ठिकाणी विमाने बहुधा पूर्वेकडून येऊन पश्चिमेकडे तोंड करून उतरतात. मुंबईत घाटकोपर व कुर्ला या भागांवरून पावसाळ्यात सतत खाली येणारी विमाने दिसतात, त्याचे कारण हेच आहे.

आडवा वारा

धावपट्टीशी कोन करून वाहणाऱ्या वाऱ्याचे दोन घटक पडतात: एक धावपट्टीच्या दिशेतील आणि दुसरा तिच्याशी काटकोनातील. दुसऱ्या घटकास आडवा वारा म्हणतात. वाऱ्याचा वेग आणि कोनाची ज्या, म्हणजे त्रिकोणमितीतील साइन, यांचा गुणाकार केला असता त्याचे मूल्य मिळते. वाऱ्याचा वेग नॉटमध्ये मोजतात. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.

उदाहरणार्थ, २५० अंशांच्या धावपट्टीवर २८० अंशांकडून २० नॉट वेगाने वारा येत असेल, तर कोन ३० अंशांचा होतो. अशा वेळी आडवा घटक १० नॉट व समोरचा घटक सुमारे १७ नॉट भरतो. तोच वारा ३१० अंशांकडे फिरला, तर कोन ६० अंशांचा होऊन आडवा घटक सुमारे १७ नॉट आणि समोरचा केवळ १० नॉट उरतो. वाऱ्याचा वेग तोच राहून केवळ दिशा बदलली, तरी अवतरण किती कठीण होते, हे यावरून लक्षात येते.

प्रत्येक जातीच्या विमानाचे चाचणी-उड्डाण करताना ते किती आडव्या वाऱ्यात सुरक्षितपणे उतरवून दाखवले, याची नोंद विमानाच्या पुस्तिकेत असते. अमेरिकी नियमांनुसार मोठ्या प्रवासी विमानांसाठी हे मूल्य किमान २० नॉट असावे लागते. प्रत्यक्षात बोइंग ७३७ व एअरबस ए३२० या विमानांसाठी ते ३० नॉटांहून अधिक आहे. विमान कंपन्या यापेक्षा कमी मर्यादा ठरवू शकतात. ओली धावपट्टी आणि वैमानिकाचा अनुभव लक्षात घेऊन ही मर्यादा आणखी खाली आणली जाते.

अवतरणाच्या पद्धती

आडव्या वाऱ्यात विमान धावपट्टीच्या मध्यरेषेवर ठेवण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत.

पहिल्या पद्धतीत विमानाचे नाक वाऱ्याच्या दिशेने थोडे वळवलेले असते आणि विमान तिरप्या अवस्थेत पुढे सरकते. खेकड्याच्या चालीवरून इंग्रजीत या पद्धतीला ‘क्रॅब’ असे नाव पडले. जोरदार प्रवाहात नाव पैलतीरी नेताना नावाडी ती प्रवाहाच्या उलट बाजूस तिरपी धरतो, त्याच तत्त्वावर ही पद्धत चालते. धावपट्टीवर टेकण्याच्या किंचित आधी वैमानिक पायांनी शेपटीकडील सुकाणू दाबून नाक मध्यरेषेशी सरळ करतो. हे फार लवकर केले, तर वारा विमानाला बाजूला ढकलतो. फार उशिरा केले, तर चाके तिरपी टेकून त्यांवर मोठा ताण येतो.

दुसऱ्या पद्धतीत नाक सरळच ठेवले जाते, वाऱ्याकडील पंख खाली झुकवला जातो आणि सुकाणू विरुद्ध बाजूस धरले जाते. अशा वेळी वाऱ्याकडील चाक प्रथम टेकते. ज्या विमानांची इंजिने पंखाखाली असतात, त्यांत इंजिन किंवा पंखाचे टोक जमिनीला लागण्याचा धोका असल्याने पंख फार झुकवता येत नाही. प्रत्यक्षात अनेक वैमानिक दोन्ही पद्धतींचा मेळ घालतात.

विमान जितके संथ, तितके ते अधिक तिरपे दिसते. २० नॉट आडव्या वाऱ्यात सुमारे १४० नॉट वेगाने येणाऱ्या जेट विमानाचे नाक साधारण ८ अंश वळवावे लागते, तर सुमारे १०५ नॉट वेगाने येणाऱ्या एटीआर ७२ सारख्या पंख्याच्या विमानाचे साधारण ११ अंश. त्यामुळे लहान विमानतळांवर उतरणारी पंख्याची विमाने अधिक संकटात असल्यासारखी भासतात, परंतु हा तिरपेपणा केवळ वेगांच्या प्रमाणाचा परिणाम असतो.

गडगडाटी ढग आणि वातकर्तन

स्थिर वाऱ्यापेक्षा अचानक बदलणारा वारा अधिक धोकादायक असतो. थोड्या अंतरात वाऱ्याचा वेग किंवा दिशा एकदम बदलण्यास वातकर्तन म्हणतात. गडगडाटी ढगातून थंड हवेचा लोट वेगाने खाली येऊन जमिनीवर आदळतो व चारही बाजूंना पसरतो. अशा लोटाचा विस्तार ४ किलोमीटरांहून कमी असल्यास त्यास ‘मायक्रोबर्स्ट’ म्हणतात. तो काही मिनिटेच टिकतो. वळवाचा पाऊस येण्याआधी धुळीचा लोट उठवणारा आणि झाडे वाकवणारा जो थंड वारा सुटतो, तो ढगातून खाली आलेल्या अशाच हवेचा असतो.

मायक्रोबर्स्टमध्ये शिरणाऱ्या विमानाला आधी समोरचा वारा लाभतो. त्यामुळे उचल वाढते आणि विमान ठरलेल्या मार्गाच्या वर जाते. वैमानिकाने या वेळी इंजिनाची शक्ती कमी केली, तर पुढच्याच क्षणी खाली ढकलणारी हवा व त्यामागोमाग पाठीमागचा वारा येतो आणि उचल एकाएकी नाहीशी होते. २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्क येथे उतरताना झालेल्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या विमान अपघाताचा अभ्यास करताना जपानी-अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ तेत्सुया थिओडोर फुजिता यांनी ही घटना ओळखली. त्यांचे म्हणणे आरंभी अनेकांना पटले नव्हते. २ ऑगस्ट १९८५ रोजी डॅलस येथे डेल्टा एअर लाइन्सचे विमान अशाच कारणाने कोसळले. यानंतर विमानांत वातकर्तनाची सूचना देणारी उपकरणे बसवणे, विमानतळांवर विशेष रडार उभारणे आणि वैमानिकांना सराव-यंत्रावर याचे प्रशिक्षण देणे यांस वेग आला.

पाऊस, ओली धावपट्टी आणि दृश्यमानता

धावपट्टीवर पाणी साचल्यास वेगात असलेले चाक पाणी बाजूला सारू शकत नाही आणि पाण्याच्या थरावर तरंगू लागते. अशा वेळी ब्रेकचा उपयोग जवळजवळ होत नाही. हे ज्या वेगाला घडते, तो चाकातील हवेच्या दाबावर अवलंबून असतो. चौरस इंचास पौंडांत मोजलेल्या दाबाच्या वर्गमुळास ९ ने गुणले असता तो वेग अंदाजे नॉटमध्ये मिळतो. २०० पौंड दाबाच्या विमानाच्या चाकासाठी हा वेग सुमारे १२७ नॉट येतो, म्हणजे तो अवतरणाच्या वेगाच्या अगदी जवळचा आहे. ३२ पौंड दाबाच्या मोटारीच्या चाकासाठी हेच मूल्य ताशी सुमारे ९४ किलोमीटर भरते. हा धोका कमी करण्यासाठी अनेक धावपट्ट्यांवर आडवे बारीक खाच पाडलेले असतात आणि त्यांतून पाणी निघून जाते.

ओल्या धावपट्टीवर विमान मुद्दाम काहीसे जोराने टेकवले जाते. त्यामुळे पाण्याचा थर फुटून चाकांची जमिनीवर पकड बसते. प्रवासी अशा अवतरणास वाईट समजतात. परंतु अलगद टेकण्याच्या प्रयत्नात विमान धावपट्टीवरून बरेच पुढे तरंगत जाणे हे पावसात अधिक घातक असते. जेट विमानांसाठी लागणारे अवतरण-अंतर उपलब्ध लांबीच्या ६० टक्क्यांच्या आत बसावे लागते आणि धावपट्टी ओली असल्यास आणखी १५ टक्के लांबी हिशेबात धरली जाते.

कमी दृश्यमानतेत उपकरण अवतरण प्रणाली वैमानिकास मार्ग दाखवते. या प्रणालीचा एक रेडिओ संकेत धावपट्टीची मध्यरेषा सांगतो, तर दुसरा उतरण्याचा साधारण ३ अंशांचा उतार सांगतो. तिच्या पहिल्या श्रेणीत वैमानिकास जमिनीपासून २०० फुटांच्या निर्णय-उंचीपर्यंत येता येते. त्या उंचीवर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत, तर पुढे उतरण्यास मुभा नसते.

पुनरुड्डाण

अवतरण अर्धवट सोडून विमान पुन्हा वर नेण्यास पुनरुड्डाण किंवा ‘गो-अराउंड’ म्हणतात. ढगाळ हवेत साधारणपणे १,००० फूट उंचीवर आणि स्वच्छ हवेत ५०० फूट उंचीवर विमानाचा वेग, उतरण्याचा दर, दिशा व चाकांची स्थिती योग्य असावी, असा नियम विमान कंपन्या पाळतात. यांत काही उणे असल्यास पुनरुड्डाण करावे लागते. दोन वैमानिकांपैकी विमान न चालवणारा वैमानिकही ‘गो-अराउंड’ असे सांगू शकतो.

पुनरुड्डाणानंतर वैमानिक पुन्हा प्रयत्न करतो, हवामान निवळेपर्यंत आकाशात घिरट्या घालतो किंवा पर्यायी विमानतळाकडे जातो. त्यासाठी लागणारे इंधन विमानात आधीच भरलेले असते. विलंब, प्रवाशांची गैरसोय आणि इंधनाचा खर्च यांमुळे वैमानिकावर उतरण्याचे अप्रत्यक्ष दडपण येऊ शकते. म्हणून पुनरुड्डाण केल्याबद्दल वैमानिकास दोष देऊ नये, असे धोरण जगभर स्वीकारले गेले आहे. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय पावसाळी उड्डाणांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना देते.

महाराष्ट्रातील परिस्थिती

भारतातील नियमित हवाई टपालसेवेच्या आरंभापासूनच पावसाळा हा तिच्यापुढील मोठा अडथळा होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे टपाल आणले. त्या काळी जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जात असे, त्यामुळे टाटांच्या विमानसेवेला पावसाळ्यापुरते पुण्यास, येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर स्थलांतर करावे लागे.

मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रायः एकच वापरता येते. पावसाळ्यात एखादे विमान घसरून मुख्य धावपट्टी बंद पडल्यास देशभरातील वेळापत्रक विस्कळीत होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा हा विमानतळ ३० तासांहून अधिक काळ बंद होता.

कोल्हापूर विमानतळ शहराच्या आग्नेयेस उजळाईवाडी येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत १९३९ मध्ये तो सुरू झाला. त्याची धावपट्टी पूर्वी १,३७० मीटर लांब होती. ती पुढे १,९३० मीटरपर्यंत वाढवण्यात आली. १० मार्च २०२४ रोजी नव्या प्रवासी इमारतीचे उद्घाटन झाले. या उंचीवर हवा काहीशी विरळ असल्याने विमानाचा जमिनीवरील वेग समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे ३ टक्के अधिक असतो. धावपट्टी मोठ्या विमानतळांच्या मानाने आखूड असल्याने पाठीमागचा वारा आणि साचलेले पाणी यांचा येथे अधिक काटेकोर विचार करावा लागतो.

कोल्हापुरात वळीव आणि मोसमी पाऊस यांचे स्वरूप वेगळे आहे. वळीव दुपारनंतर येतो. त्यात झोत, विजा व वातकर्तन यांचा धोका असतो, परंतु तो अल्पकाळात ओसरतो आणि थोडा वेळ घिरट्या घातल्यास विमानाला उतरता येते. मोसमी पावसात वाऱ्याची दिशा बरीचशी स्थिर व धावपट्टीला अनुकूल असते. त्या काळात मुख्य अडचण सह्याद्रीकडून येणाऱ्या खालच्या ढगांची व दृश्यमानतेची असते आणि ती दिवसेंदिवस टिकू शकते.

याचा संबंध पूरस्थितीशीही येतो. शहराच्या उत्तरेस कसबा बावडा येथील राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजली जाते. तेथे इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि पुणे–बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन अनेक दिवस बंद राहिला. रस्ते तुटतात तेव्हाच हवाई मार्गाची गरज सर्वाधिक भासते. परंतु नदीला पूर आणणारे आणि विमानाला धावपट्टी दिसू न देणारे ढग एकच असतात. बेळगाव, पुणे व गोवा हे जवळचे विमानतळही पुष्कळदा त्याच पावसाच्या पट्ट्यात असतात. त्यामुळे पावसाळ्यात कोल्हापूरसाठी पर्यायी विमानतळाची निवड ही केवळ औपचारिक बाब राहत नाही.

उल्लेखनीय घटना

१ मार्च २००८: जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे ‘एमा’ वादळात लुफ्तान्साच्या ए३२० विमानाच्या डाव्या पंखाचे टोक धावपट्टीला लागले. वैमानिकांनी तत्काळ पुनरुड्डाण केले व दुसऱ्या धावपट्टीवर विमान सुखरूप उतरवले. कोणीही जखमी झाले नाही.

२२ मे २०१०: मंगळूर येथे एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान टेकडीवरील धावपट्टीच्या पुढे जाऊन १५८ जण मृत्युमुखी पडले. या वेळी हवामान वादळी नव्हते. उतरण्याचा मार्ग चुकला असूनही अवतरण चालू ठेवले गेले, हे कारण तपासात पुढे आले. धोका केवळ हवामानात नसून निर्णयातही असतो, हे दाखवण्यासाठी या घटनेचा उल्लेख केला जातो.

१ जुलै २०१९: मुसळधार पावसात जयपूरहून आलेले स्पाइसजेटचे विमान मुंबईत धावपट्टी २७ च्या पुढे गेले. जीवितहानी झाली नाही, परंतु मुख्य धावपट्टी तीन दिवसांहून अधिक काळ बंद राहिली.

७ ऑगस्ट २०२०: कोळिकोड येथे दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान पहिला प्रयत्न सोडून दुसऱ्या बाजूने, पाठीमागच्या वाऱ्यासह उतरले. २,७०० मीटरच्या धावपट्टीवर ते सुमारे १,३५० मीटर पुढे गेल्यावर टेकले व टोकावरून खाली कोसळले. दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला. दुसऱ्या वैमानिकाने ‘गो-अराउंड’ असे सांगूनही अवतरण चालू ठेवले गेले, असे तपास अहवालात नमूद आहे.

१४ सप्टेंबर २०२३: मुंबईत जोरदार पावसात एक खासगी लिअरजेट विमान धावपट्टी २७ वरून घसरले. विमानातील आठही जण वाचले.

३० नोव्हेंबर २०२४: ‘फेंगल’ चक्रीवादळाच्या वेळी मुंबईहून चेन्नईस गेलेल्या इंडिगोच्या विमानाने धावपट्टीच्या अगदी जवळ आल्यावर पुनरुड्डाण केले. त्याची चित्रफीत समाजमाध्यमांवर सर्वत्र पसरली.

निरीक्षणाचा छंद

विमानांची ये-जा पाहणे हा जगभर रूढ असलेला छंद आहे. १८ फेब्रुवारी २०२२ रोजी ‘युनिस’ वादळात लंडनच्या हीथ्रो विमानतळावरील अवतरणांचे थेट प्रक्षेपण एका वेळी दोन लाखांहून अधिक लोक पाहत होते. हाँगकाँगचा जुना काय ताक विमानतळ १९९८ मध्ये बंद होईपर्यंत तेथील वळण घेत होणाऱ्या अवतरणांसाठी प्रसिद्ध होता.

जाणकार निरीक्षक विमान येण्याआधी धावपट्टीजवळील वारा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे पाहतो. ती साधारण १५ नॉट वाऱ्यात पूर्णपणे आडवी होते आणि तिच्या हलण्यावरून झोतांचा अंदाज येतो. त्यानंतर विमानाचे नाक किती वळलेले आहे, ते केव्हा सरळ होते, कोणते चाक प्रथम टेकते आणि विमान धावपट्टीच्या कोणत्या भागात टेकते, हे पाहता येते. टेकताच पंखांवरील फळ्या उभ्या राहतात. त्या उचल नाहीशी करून विमानाचा भार चाकांवर आणतात. त्यानंतर इंजिनांच्या उलट झोतामुळे उडणारे पाण्याचे फवारे दिसतात. विमान न टेकताच गर्जना करीत वर गेले, तर निरीक्षकाने एक यशस्वी पुनरुड्डाण पाहिलेले असते.

भारतात विमानतळाच्या आत छायाचित्रण करण्यावर विमान नियम, १९३७ अन्वये बंधने घालण्यात आली होती. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा तळ असल्याने तेथे विशेष निर्बंध आहेत. निरीक्षण सार्वजनिक जागेवरूनच करावे. विमानतळाच्या परिसरात पतंग, ड्रोन किंवा लेझर किरण वापरू नयेत. पक्ष्यांना आकर्षित करणारे खरकटेही टाकू नये. विजा चमकत असताना मोकळ्या माळावर किंवा एकाकी झाडाखाली उभे राहणे निरीक्षकाच्याच जीवावर बेतू शकते.

हे सुद्धा पहा

कोल्हापूर विमानतळ
छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ
नैर्ऋत्य मोसमी वारे
पंचगंगा नदी
जे. आर. डी. टाटा